सांगणाऱ्याचा पहिला घास

बाजारकुणंग,
९ नोव्हेंबर २०२५

पूर्णिमा,

आशीर्वाद आहेतच. माझ्या रागाचा आणि त्यांचा संबंध नाही.

दीड वर्षानं लिहिते आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं आणि तिथं उभं राहून भांडलं की खालच्या वाडीपर्यंत ऐकू जातं. शिवाय फोनवर बोललेलं उद्या तुमच्या कंपनीचं होणार नाही, याची मला आता खात्री वाटत नाही. कागदाला निदान कान नसतात.

गोष्ट अशी. अंगणवाडीत माझ्या जागी आलेली भाग्यलक्ष्मी तुला ठाऊक आहे. दसऱ्यानंतर तिनं मला मुलांसमोर बसवलं. मी रिटायर झाले तरी माझी जीभ झालेली नाही. कोनफळ कसं खणायचं, वेल कुठल्या अंगानं वळते, कुठला गड्डा भाजून खायचा, कुठला उकडून, कुठल्याला हातसुद्धा लावायचा नाही, हे सगळं मी मुलांच्या हातात गड्डे देऊन सांगितलं. भाग्यलक्ष्मीनं ते फोनवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. दोन दिवसांत पाचसहाशे लोकांनी बघितलं म्हणे. तिसऱ्या दिवशी ते गायब, आणि त्या जागी एक नोटीस. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"अक्का, ह्यात लिवलंय की ह्यो आवाज दुसऱ्याच्या मालकीचा हाय. आमी कॉपीराइट मोडला म्हणत्यात."

"कुणाच्या मालकीचा?"

तिनं तुमच्या कंपनीचं नाव वाचलं.

मी हसले. गळा माझा, जीभ माझी, पडलेले सहा दात माझे, आणि मालक बेंगळुरात. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकली होती, पण संन्याशाच्या गळ्यावरच चोराचा हक्क हे नवीन. भाग्यलक्ष्मी मात्र घाबरली आहे. नोकरी जाईल का, असं दोनदा विचारलं तिनं. तिला मी सांगितलं, "तू गप बस. ज्यांनी केलंय त्यांच्याशी मी बोलते." म्हणून तुझ्याशी बोलते आहे.

आठव जरा. २०२३ चा जुलै. तू आठ दिवस आलीस, कानाला ते काळं यंत्र लावून माझ्यासमोर बसलीस आणि मी चाळीस तास बोलले. आठव्या दिवशी तू तीन पानांचा इंग्रजी कागद पुढं केलास. मी विचारलं, "ह्यात काय हाय गो?" तू म्हणालीस, "काही नाही आत्या, फॉर्मॅलिटी." मी सही केली. तोच कागद कंपनीच्या माणसानं दिला असता तर चार ठिकाणी वाचून घेतला असता. पण दिलास तू. आई गेल्यावर दहावीपर्यंत जिला मी हातानं भरवलं, तिनं दिलेला कागद कोण वाचत बसतं? नंतर कंपनीची एक छत्री आली. ती चांगली आहे, अजून वापरते.

मग पुढच्या मे महिन्यात अणशीच्या बसथांब्यावर एका पर्यटक बाईच्या फोनमधून मीच बोलले. "ऐका लेकरांनो, ही वेल नीट बघा." मी जन्मात कुणाला लेकरांनो म्हटलेलं नाही, पण आवाज माझाच. ॲपचं नाव काय, तर रानमावशी! आयुष्यभर आत्या होते, तुम्ही मला जगाची मावशी केलीत. त्याच संध्याकाळी मी टेकाडावर जाऊन तुला फोन केला आणि "तू आमच्या घरची न्हाईस" असं बोलले. ते वाक्य मागं घ्यायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आता मला एवढंच हवं आहे. मुलांचा व्हिडिओ परत लावा आणि त्या यंत्रातून माझा आवाज काढून टाका. मी कुणाकडे भीक मागत नाही. माझी वस्तू परत मागते आहे.

जाता जाता एक. ती रानमावशी कडू करांद्याच्या गड्ड्याबद्दल काय सांगते? सहज विचारते. उत्तर मात्र लगेच पाठव.

रुक्मा आत्या


बाजारकुणंग,
२५ नोव्हेंबर २०२५

पूर्णिमा,

पत्र मिळालं. तुझं नव्हे, कंपनीचं. खाली तुझं नाव छापलेलं आहे. तू एवढं गोड इंग्रजी लिहितेस हे मला ठाऊक नव्हतं. मला ते कळलं नाही, म्हणून रामनगरला योगेशकडे गेले. तोच, खानापूरच्या यशवंतरावांचा मुलगा. झेरॉक्सचं दुकान चालवता चालवता अर्धा वकील झाला आहे. जुलैच्या त्या तीन पानांची माझ्याजवळची प्रतही मी घेऊन गेले होते. छत्रीच्या पिशवीत राहिली होती.

त्यानं दोन्ही वाचले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले.

"अक्का, तुमचा आवाज, तुमी जे सांगितलं ते, आनी त्याच्यापासनं फुडं जे काय तयार हुईल ते, सगळं कंपनीचं. कायमचं."

"आनी मी?"

त्यानं परत पानं उलटली. "तुमच्याबद्दल कायबी लिवलेलं न्हाई."

दुकानात दोन माणसं होती, तीही हसली. मीही हसले, पण घरी येईस्तोवर ते हसू काही टिकलं नाही. तुझ्या पत्रात, म्हणजे कंपनीच्या पत्रात, शेवटी लिहिलं आहे की माझं योगदान फार मोलाचं आहे आणि आणखी वीस तास मिळाले तर त्यांना आनंद होईल. होणारच. आयत्या बिळावर नागोबा बसला की त्याला शेजारचं बीळही हवंसं वाटतं.

एक गोष्ट तू विसरलीस म्हणून आठवण करून देते. गड्ड्यांचं जे काही मी सांगितलं ते माझंही नव्हतं. मला माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. सुपाच्या धरणाखाली गेलेल्या गावातल्या बायकाही त्यात आहेत, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. म्हणजे मी सही करून जे दिलं ते माझं नव्हतंच. दुसऱ्याचा बैल मी विकला, आणि तू घेतलास. आपण दोघीही त्यात चुकलो. तुझी चूक तीन पानांची, माझी एका सहीची.

पण हे ज्ञान असं मोकाट सुटलेलं नसतं, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. आपल्याकडे रीत काय? जो सांगेल तो आधी खाईल. नवा गड्डा कसा शिजवायचा हे कुणाला शिकवलं, तर शिजल्यावर पहिला घास सांगणाऱ्यानं शिकणाऱ्यासमोर खायचा. मग थांबायचं. विड्याचं पान खाऊन होईस्तोवर थांबायचं. आणि मग शिकणाऱ्यानं खायचं. तू सहा वर्षांची असताना विचारलं होतंस, "आत्या, तू आदी का खातेस? भूक लागली?" मी म्हटलं होतं, "सांगायला जीभ लागती तशी भोगायलाबी लागती."

तर आता तुझ्या कंपनीतल्या हुशार माणसांना माझा एक निरोप दे. तुमची मशीन सांगते. आधी खातं कोण? बोलायला तिला तोंड दिलंत, खायला द्यायचं विसरलात. रानमावशीनं सांगितलं म्हणून कुणी काही शिजवलं, तर त्याच्यासमोर बसायला बेंगळुराहून कोण येणार आहे?

मागच्या पत्रात कडू करांद्याचं विचारलं होतं. त्याचं उत्तर त्या गोड इंग्रजीत कुठंच नाही. पूर्णिमा, ते तेवढं बंद कर. बाकीचं भांडण आपण सावकाश करू. करांद्याचं आधी बंद कर. कारण विचारू नकोस.

आत्या


बाजारकुणंग,
७ डिसेंबर २०२५

पूर्णिमा,

अक्षर वाकडं आलं आहे. थंडी पडली आहे.

आपल्या वरच्या अंगाचा लखू तुला आठवत असेल. त्याची बायको गेल्या वर्षी गेली. मुलगा गोव्यात कामाला. मुलानं खानापूरकडची बायको केली, सोनिया. चांगली आहे, कामाला वाघीण, पण रान तिला नवं. तीनच घरं सोडून राहते.

सोमवारी सकाळी ती रानात गेली आणि कडू करांदे घेऊन आली. सासऱ्याला आवडतात असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. सासू असती तर तिनं शिकवलं असतं. सोनियानं टेकाडावर जाऊन फोनला विचारलं. फोननं सांगितलं. तिनं सोलले, चकत्या केल्या, राखेच्या पाण्यात उकडले, धुतले, हळद-मीठ घालून परतले. दुपारी दोघांनी खाल्ले. तासाभरात दोघं उलट्या करत अंगणात आडवी. भाग्यलक्ष्मीनं गाडी बोलावली. सोनियाला जोयड्यात सलाईन लावून दुसऱ्या दिवशी सोडलं. लखूचं वय झालेलं, त्याला पुढं कारवारला न्यावं लागलं. तीन दिवस तो हो की नाही असा होता. काल तो बसून पेज प्यायला असं कळलं, म्हणून आज तुला लिहिण्याचं धाडस करते आहे.

सोनिया परत आली तेव्हा मी तिला विचारलं, "अगो, मी तीन घरांवर होते. मला का न्हाई विचारलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमालाच तर विचारलं, अक्का."

मग तीच म्हणाली, "मागं मी कोनफळ वळखायला चुकले तवा तुमी सगळ्यांसमोर हसला हुता. फोनातली मावशी हसत न्हाई."

पूर्णिमा, चाळीस वर्षं मी लोकांना शिकवलं असं छाती पुढं काढून सांगत आले. त्यात असं कोणी मला कधी ऐकवलं नव्हतं.

आता ते सांगते जे दोन पत्रांत लपवलं. हात दाखवून अवलक्षण म्हण, काहीही म्हण. मशिनीनं चूक केली नाही. मशिनीनं मी सांगितलं तेवढंच सांगितलं. राखेच्या पाण्यानंतर करांदा ओढ्यावर न्यावा लागतो. तिथं जे करायचं ते केल्याशिवाय त्यातला विखार जात नाही. ते मी चाळीस तासांत कुठंही बोललेले नाही.

यातलं अर्धं रीतीमुळं. शेवटचा हात आपण तोंडानं सांगत नाही, ओढ्यावर नेऊन दाखवतो, कारण पाण्याचा जोर दर ओढ्याला वेगळा आणि करांद्याचा कडूपणा दर वेलीला वेगळा. शिकणाऱ्याला आपण म्हणतो, "इथपर्यंत सांगितलं, पुढचं करांदे निघाले की ये, दाखवते." असं म्हटलं की त्याला कळतं, अजून बाकी आहे.

पण तुला मी तसं म्हटलं नाही. आठवा दिवस होता, बाहेर पाऊस, तू घड्याळाकडे बघत होतीस, दांडेलीची बस चुकेल म्हणून. मी राखेपर्यंत आले आणि थांबले. तू विचारलंस, "मग झालं ना आत्या?" आणि मी म्हणाले, "झालं." चाळीस तासांत तो एकच शब्द खोटा होता.

का म्हणाले? त्या क्षणी मला तुझा राग आला होता. आठ दिवसांत तू एकदाही ओढ्यावर आली नाहीस. लहानपणी जिला तिथून ओढून घरी आणावं लागायचं, ती कानाला यंत्र लावून पडवीत बसलेली. मला वाटलं, हिला सगळं बसल्या जागी पाहिजे, तर बसल्या जागी मिळतं तेवढंच घेऊ दे. आणि आणखी एक वाटलं, ते लिहायला जास्त लाज वाटते. वाटलं, कधीतरी ही स्वतः करांदा शिजवायला घेईल, कडू लागेल, अडेल, आणि मला विचारायला परत येईल. मी तो शेवटचा हात गळ म्हणून ठेवला होता, तुझ्यासाठी. अडकली सोनिया.

माझ्या मनात हे पहिल्या दिवसापासून होतं. अणशीच्या बसथांब्यावर माझाच आवाज ऐकला तेव्हा सगळ्यात आधी करांदाच आठवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला घरातून काढलं. रागाला कारण होतंच, पण रागाआड लपायलाही बरं असतं. गेल्या दोन पत्रांतही "सहज विचारते" आणि "कारण विचारू नकोस" करत बसले. दोन ओळी खऱ्या लिहिल्या असत्या तर लखूला कारवार बघावं लागलं नसतं.

यात तुमच्या कंपनीचा गुन्हा धुतला जात नाही. अर्धं ऐकून पूर्ण येतं म्हणून जगाला सांगायचं, आणि वर ज्यानं सांगितलं त्याचंच तोंड बंद करायचं, हे तुमचंच. पण माझा वाटा माझा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही.

हे पत्र पोचेल तेव्हा पोचेल. म्हणून आज भाग्यलक्ष्मीला टेकाडावर पाठवून तिच्या फोनवरून तुला चार शब्द कळवले आहेत: करांदा आजच बंद कर. वाडीवाडीत मी स्वतः निरोप धाडला आहे.

आत्या


बाजारकुणंग,
२१ डिसेंबर २०२५

पूर्णिमे,

तुझं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, मराठीत, ऱ्हस्वदीर्घाच्या त्याच चुका करत. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघूनच मी पायरीवर बसले. तीनदा वाचलं. चौथ्यांदा सोनियाला वाचून दाखवलं, त्यातला जो भाग तिला सांगण्यासारखा होता तेवढा.

भाग्यलक्ष्मीचा निरोप मिळाल्याबरोबर कुणाला न विचारता तू करांदा मशिनीतून बंद केलास. त्यावरून साहेबांनी तुला बोलावून विचारलं, "कुणाच्या परवानगीनं?" आणि तू म्हणालीस, "जिचा आवाज आहे तिच्या." हे वाचून मला काय वाटलं ते सरळ लिहिते. फार आनंद झाला. दीड वर्षात एवढा झाला नव्हता. ते वाक्य मी मागं घेतलं. तू आमच्या घरची आहेस. होतीसच.

तू मला रागावली आहेस तेही वाचलं. भाग्यलक्ष्मीच्या तोंडात तीळ भिजत नाही! तिनं सांगितलंच आहे तर आता कबूल करते. अक्षर थंडीनं वाकडं आलं नव्हतं.

सोनियाला आणि लखूला गाडी घेऊन गेली, तेव्हा घर उघडंच होतं. चुलीवर टोप होता, झाकलेला. अर्धा भरलेला. मी तो ओतून टाकायला गेले होते. झाकण काढलं, चकत्या बघितल्या. एकसारख्या, पातळ, मी सांगते तशाच. राखेचं पाणीही बरोबर घेतलं होतं पोरीनं. सगळं माझं ऐकून केलेलं, माझ्या शब्दाबाहेर काही नाही. मग मला वाटलं, इथं सांगणारी कोण? मीच ना? सांगणाऱ्यानं पहिला घास खायचा असतो. माझा राहिला होता. मी एक चकती खाल्ली.

शहाणपणा नव्हता तो, मला ठाऊक आहे. जीभ जड झाली, घसा सोलवटला, दोन दिवस भिंतीला धरून चालले. आईनं बघितलं असतं तर कानफटात दिली असती. पण त्या दोन दिवसांत एक बरं झालं, मला स्वतःची बाजू मांडायला कोणतंच तोंड राहिलं नाही, आणि मग तिसरं पत्र लिहिता आलं. पुन्हा असं करणार नाही. तू शपथ घातली आहेस, ती पाळीन.

आता कामाचं. तू लिहितेस, "आत्या, शेवटची पायरी लिहून पाठव, मी मशिनीत घालते, म्हणजे पुन्हा कुणाला त्रास होणार नाही." तुझं मन चांगलं आहे. पण नाही पाठवणार. रुसून नव्हे, विचार करून सांगते. ओढ्यावर करायचं ते हातानं चाचपून कळतं. ते मी शब्दांत लिहिलं तर पुन्हा अर्धंच होईल, आणि यावेळी ते पूर्ण वाटेल. मशिनीला एकच गोष्ट शिकव, जी तिला अजून येत नाही. तिनं म्हणायचं, "मला इथपर्यंतच येतं. हे खाऊ नका. पुढचं येणाऱ्या माणसाला विचारा." हे मी माझ्या आवाजात द्यायला तयार आहे, फुकट.

बाकीचं फुकट नाही. गेल्या रविवारी देवळासमोर आम्ही बैठक घेतली. लखूही आला होता, काठी टेकत, आणि त्यालाच बोलायचा मान दिला. तो म्हणाला, "मशिनीवर माझा राग न्हाई. ती नवी सून हाय. पन सुनेला शिकवायचं कोन आनी तिची जबाबदारी घ्यायची कोन, ते आदी ठरवा." सगळ्यांना पटलं. मग कागद केला. एक पान, मराठीत, माझ्या अक्षरात. मागं भाग्यलक्ष्मीनं कन्नडात. योगेशनं रामनगराहून येऊन त्याला कायद्याचे कपडे घातले, पण आम्हांला कळणार नाही असं एकही वाक्य ठेवू दिलं नाही.

त्यात लिहिलं आहे की आवाज वापरायला दिला आहे, विकलेला नाही. ज्ञान वाडीचं आहे आणि वाडीची मुलं ते कुठंही सांगतील, त्यांना कुणी नोटीस पाठवायची नाही. आम्ही थांबा म्हटलं की थांबायचं. आणि शेवटचं कलम लखूच्या सांगण्यावरून घातलं, त्यावर योगेश हसून हसून खोकायला लागला, पण घातलं: दरवर्षी पौषात कंपनीच्या मोठ्या साहेबांनी स्वतः इथं यायचं, मशीन जे सांगते त्याप्रमाणे आमच्यासमोर शिजवायचं, आणि पहिला घास त्यांनी खायचा. मशीन ज्याची, घास त्याचा.

कागद सोबत आहे. तुमच्या तीन पानांच्या बदल्यात आमचं एक. वाचून घ्या म्हणावं. फॉर्मॅलिटी नाही.

तुझी आत्या


बाजारकुणंग,
११ जानेवारी २०२६

पूर्णिमे,

तुझं पत्र आणि त्याच्या पाठोपाठ कंपनीचं, दोन्ही आली. मुलांचा व्हिडिओ परत लागला आहे. भाग्यलक्ष्मीनं तो सगळ्या वाडीला दाखवला, मलाही दाखवला. त्यात मी जरा जाड दिसते.

साहेबांनी आमच्या कागदावर सही केली नाही. विचार चालू आहे म्हणतात. करू देत. आम्हांला घाई नाही, करांदे इथंच उगवतात. पण तू लिहितेस की ते शेवटचं कलम त्यांनी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं आणि कुणी हसलं नाही. हे वाचून मला वाटलं की सही होईल. ती होईस्तोवर, फुकट दिलेली तेवढी ताकीद सोडून, माझा आवाज गप्प राहील, हे तू त्यांच्याकडून लिहून घेतलंस, त्यात सगळं आलं. माझी पोर आहेस ते कळलं.

काल सोनियाला घेऊन टेकाडावर गेले. तिनं फोन काढला आणि रानमावशीला करांद्याचं विचारलं. तुला ठाऊकच आहे ती काय बोलली, तूच तर घातलंस. "मला इथपर्यंतच येतं. पुढचं येणाऱ्या माणसाला विचारा." माझ्या आवाजात! त्रेसष्ट वर्षांत मला अमुक येत नाही असं वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही, आणि ते तुमच्या मशिनीनं माझ्याआधी म्हणून दाखवलं. सोनिया माझ्याकडे बघत होती. मी हसेन असं तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "विचार गो मला. हसनार न्हाई."

ती म्हणाली, "थोडं हसलात तरी चालंल."

तू शुक्रवारच्या बसनं येते आहेस. चप्पल जुनी आण, ओढ्यावर शेवाळ आहे. कानाला लावायचं ते यंत्र आणलंस तरी हरकत नाही, पण पडवीत ठेव. मी राखेपर्यंतचं सगळं करून ठेवीन. वेताची टोपली लखूनं विणून दिली आहे, अंगात जोर नसताना दोन दिवस बसून. सोनियाही येईल. तुम्ही दोघी पाण्यात उभ्या राहाल आणि मी दगडावर बसून सांगणार नाही, उतरून दाखवीन. गुडघे दुखतील, दुखू देत.

मग घरी येऊन परतायचं आणि पानावर वाढायचं. पहिला घास मी खाईन. यावेळी घाबरू नकोस, यावेळी काही लपवलेलं नाही. पान खाऊन होईस्तोवर तुम्ही दोघी माझ्या तोंडाकडे बघत बसाल. मग दुसरा घास तुझा, तिसरा सोनियाचा.

सोनियाला दिवस गेले आहेत, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मूल होईल, मोठं होईल, एक दिवस करांदा हातात घेऊन कुणाला तरी विचारेल. तोवर मी असेन नसेन. तू असशील. ओढ्यात उतर, सगळं सांग, काही ठेवू नकोस. आणि शिजल्यावर त्याच्यासमोर बसून पहिला घास तू खा.

वाट बघते.

आत्या